रुंद टायरांवर हसनाबादपर्यंत

जालना जिल्ह्यात मुद्दाम फिरायला गेलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. लोक वेरूळ-अजिंठा करतात, औरंगाबादेत मुक्काम टाकतात आणि तिथूनच परत फिरतात. मी शाळेत भूगोल शिकवते. मराठवाडा आला की फळ्यावर ‘कमी पावसाचा प्रदेश’ असं लिहायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. माझे वडील, म्हणजे अण्णा, त्याच प्रदेशातले, भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचे, तरी मीसुद्धा लग्नाकार्यापलीकडे तिकडे गेले नव्हते. गेले ती नवं शतक लागल्यावर, एका हिवाळ्यात, अण्णांच्या गाडीतून. आल्यावर शाळेतल्या बाईंनी विचारलं, “मग? काय काय पाहिलंत?” तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

आधी गाडीबद्दल सांगायला हवं, कारण ती नसती तर हा प्रवासच नव्हता. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्तीच्या बऱ्याच आधी त्यांनी पुण्याच्या कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात झाडाखाली सडत पडलेली एक परदेशी स्पोर्ट्‌स कार आणली. दोनच माणसांची, कापडी छताची, लांब नाकाची आणि इतकी बसकी, की आत बसल्यावर शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याचे गुडघे दिसावेत. पत्रा गंजून जाळी झालेला. चाकं मात्र शाबूत होती, सायकलीसारखी तारांची. अण्णांनी पुढची कितीतरी वर्षं रविवार त्या गाडीला दिले. चाकांवरचे मडगार्ड त्यांनी स्वतः पत्रा ठोकून घडवले. रंग दिला गडद हिरवा.

आणि हसनाबादला त्यांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दर दिवाळीला विचारायचे, “दत्तू, झाली का रे तुही गाडी?” आबांनीच अण्णांना वाढवलं होतं. आई-वडील लवकर गेले. आबांनी शेत केलं आणि धाकट्याला जालन्याला शिकायला ठेवलं. गुडघे गेल्यापासून आबांचं राजूरच्या गणपतीला जाणं थांबलं होतं. एस.टी.ची पायरी चढवत नाही आणि जीपमधल्या गर्दीत बसवत नाही. “आता तुह्या गाडीत बसूनच जाईन चतुर्थीला,” असं त्यांनी म्हणून ठेवलं होतं. गाडी झाली तेव्हा आबा ऐंशीच्या घरात पोचले होते.

टायरांचं प्रकरण निघण्याच्या महिनाभर आधीचं. गाडी रस्त्यावर झोकांड्या खाते, असं अण्णांना वाटू लागलं होतं. मुंबईच्या रस्त्यावर एकदा दुभाजकाला घासता घासता वाचले. “हे सायकलीसारखे अरुंद टायर रस्ता धरतच नाहीत,” ते म्हणाले. नव्या मोठ्या गाड्यांना असतात तसे रुंद टायर त्यांनी ओळखीच्या दुकानातून आणवले. दुकानदाराने सांगून पाहिलं, “काका, टायर रुंद घ्यायचा तर चाकही रुंद लागतं. या चाकावर तो नीट बसणार नाही.”

“चाकं कंपनीचीच राहतील,” अण्णा म्हणाले. “बाकी सगळं मी केलंय. तेवढीच मूळची आहेत.”

रुंद टायर त्या अरुंद चाकावर चढला खरा, पण उशी मधोमध दोरीने आवळावी तसा दोन्हीकडे फुगला. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा उरली. आईने गाडी बघितली आणि म्हणाली, “दोनच माणसांची आहे ना? मग नंदाला न्या.” म्हणजे मला.

जालना

औरंगाबाद सोडून करमाड-बदनापूर करत पुढे गेलं की जमीन काळी होत जाते. कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, तुरीची काढणी चालू होती, आणि मोसंबीच्या बागा रस्त्यापर्यंत आलेल्या. पुण्याच्या आसपास कुठेही बघितलं तरी डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते ती जातच राहते. दुसरी एक गंमत वाटेत घडली. जिल्ह्याची हद्द ओलांडली आणि अण्णांची भाषा बदलली. चाळीस वर्षं ‘करतोय, बघतोय’ म्हणणारा माणूस चहाच्या टपरीवर “साखर कम टाका, आम्ही थांबून राह्यलो” म्हणाला. त्यांना ते कळलंही नाही. मला मात्र शेजारी कुणी अनोळखी तरुण येऊन बसल्यासारखं वाटलं.

गंमत तिथेच संपली. जालना जवळ येता येता रस्त्याला एक खोलगट जागा लागली, गाडी खाली बसली आणि माझ्या बाजूच्या मागच्या चाकातून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. मग प्रत्येक खड्ड्याला. जळक्या रबराचा वास येऊ लागला. “तू जरा माझ्याकडं सरक,” अण्णा म्हणाले. मी सरकले. “आणखी.” आणखी सरकायला जागा नव्हती, मध्ये गिअरचा दांडा होता. पुढे त्यांनी माझी बॅग पायाशी घ्यायला लावली, मग मांडीवर. इतका अवघडून केलेला प्रवास माझ्या आठवणीत दुसरा नाही, आणि त्यातही मला हसू येत होतं. त्यांना येत नव्हतं.

खरखर थांबली की दुसरंच सुरू व्हायचं. गाडी हळूहळू डावीकडे सरकायची. चाक कच्च्यात उतरणार एवढ्यात अण्णा ती उजवीकडे ओढायचे, जरा उशिरा आणि जरा जास्तच. समोरचा ट्रक हॉर्न वाजवत जायचा. “टायर पोहतोय चाकावर,” ते दात आवळून म्हणायचे. “बघ, मी सरळच धरून राह्यलो.”

खरंच ते सरळ धरून असायचे. त्यांचा उजवा हात अलीकडे चहाच्या कपाशेजारी ठेवलेला असला की आपोआप थरथरायचा, नोटा मोजल्यासारखा अंगठा बोटांवर फिरायचा. पण स्टिअरिंग धरलं की थरथर थांबायची. त्यामुळे हातांचा विचार माझ्या मनात आला नाही. टायरांचाच आला.

जालन्यात रात्र लॉजवर काढली. सकाळी नाश्त्याला सुशीला नावाचा पदार्थ मिळाला. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात, वरून शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे पोह्यांना हे मुलीचं नाव का नाही, असं मी अण्णांना विचारलं. ते हसले. त्या दिवसातलं ते एकदाच.

जालना हे लोखंडाचं गाव. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या गिरण्यांचा धूर गावावर असतो, आणि त्यांच्या आसऱ्याने गाड्यांची कामं करणारी दुकानं. त्यातल्या एका डेंटिंगवाल्याकडे आम्ही गेलो. सलीमभाई नावाचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस. मडगार्डची आतली कड ठोकून दुमडायची, म्हणजे टायर घासणार नाही, असं अण्णांचं म्हणणं. सलीमभाईंनी कडेवरून हात फिरवला.

“चाचा, हाताचं काम आहे हे. कुणी केलं?”

“मीच केलं.”

“मंग तुम्हीच सांगा. ठोकलं तर रंग फुटेल, पत्रा पन फाटू शकतो. मैं जिम्मा नहीं लेता.”

“मी ठोकतो,” अण्णा म्हणाले. “हातोडा द्या.”

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हातोडा दिला. अण्णा गुडघ्यांवर बसले. जन्मभर ज्या माणसाने केसाच्या जाडीएवढी मापं धरली, त्याचा पहिला घाव नीट बसला. दुसराही. तिसरा कडेवर न पडता वर, मडगार्डच्या गोल पाठीवर पडला, आणि हिरव्या रंगात वाटीएवढा खळगा उमटला. रंगाचा एक पापुद्रा सुटून जमिनीवर पडला.

दुकानातली माणसं आपापल्या कामाकडे बघू लागली.

“हातोडा हलका हाय,” अण्णा म्हणाले.

उरलेलं काम सलीमभाईंनी केलं. मागच्या बाजूला पत्रा चिरलाच. चहा आला, तो अण्णांनी घेतला नाही. सलीमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, “बेटी, ये टायर निकाल दो. जुनी देशी गाडी असते ना, टॅक्सीची, तिचे टायर बसतील हिला. सीधीसादी चालेल.” मी ते अण्णांना सांगितलं. ते खळग्यावरून बोट फिरवत होते.

“वाटूरला रामभाऊ हाय,” ते म्हणाले. “त्याच्याकडं असतील तसे. आबाला बसवायचं हाय. खर्रखर्र करत न्यायचं का त्याला?”

वाटूर

हसनाबाद जालन्याच्या उत्तरेला आणि वाटूर अगदी उलट दिशेला, परतूर तालुक्यात. भूगोलाच्या बाईंना असा प्रवास शोभत नाही. पण आता आबांना भेटायच्या आधी गाडी सरळ चालली पाहिजे, एवढं एकच अण्णांच्या डोक्यात होतं.

त्या रस्त्यावर मी पहिल्यांदा घाबरले. समोरून कापसाची बैलगाडी येत होती, गाडीपेक्षा कापूसच रुंद. आम्ही तिच्याकडे सरकत चाललो होतो. मी वाट पाहिली. अण्णा समोरच बघत होते, त्यांना ती दिसत होती, हात स्टिअरिंगवर होते, आणि काहीच होत नव्हतं. मी ओरडले. गाडी झटक्यात डावीकडे वळली, कच्च्यात उतरली, मागचा टायर चिरलेल्या पत्र्यावर घासला आणि बंदुकीसारखा फुटला.

बैलगाडीवाला खाली उतरून धावत आला. डोक्याला मुंडासं, वय अण्णांएवढंच. त्याने आधी आम्हा दोघांना बाहेर काढलं, मग बैलांकडे गेला, आणि परत येऊन चाक बदलायला हात लावला. जाताना अण्णांना म्हणाला, “पाव्हणं, सावकाश जा. कोन्ती घाई हाय?” शिवी द्यायला त्याला पूर्ण हक्क होता. पुण्यात मी ती ऐकली असती.

“गेला असता तो या टायरापायी,” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

वाटूर फाट्यावर चार दिशांचे रस्ते येऊन मिळतात आणि सगळं गाव त्या फाट्यावर जगतं. रामभाऊंचं टायरचं दुकान तिथेच. ते आणि अण्णा जालन्यात एका खोलीत राहून शिकलेले. रामभाऊंच्या घरची मेंढरं होती. वडील मेंढरांमागे फिरायचे, आता भाऊ शेती करतो. अंगणात दोन मेंढ्या अजून होत्या, त्यांच्या आईच्या हौशीखातर.

“दत्त्या, लेका, ही मोटार हाय का चप्पल?” रामभाऊ गाडीभोवती फिरत म्हणाले. मग वाकून टायर बघितले आणि गंभीर झाले. “हे काहून टाकले?”

“पकडीसाठी.”

रामभाऊंनी माळ्यावरून अरुंद टायर काढले. ते बसवेपर्यंत आम्ही त्यांच्या शेतात हुरडा खाल्ला. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेली ज्वारीची कणसं हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकतात, सोबत लसणाची चटणी आणि दही. आमच्याकडे हुरडा पार्टी असते, गाड्या करून जातात, तिकीट असतं. इथे रामभाऊंची आई चुलीशी बसल्यासारखी आगटीशी बसली होती आणि माझं तोंड चालू आहे ना एवढंच बघत होती. अण्णांना कणीस चोळता येईना. दाणे गवतात सांडत होते. म्हातारीने न बोलता त्यांच्या हातातलं कणीस काढून घेतलं, चोळलं आणि दाणे त्यांच्या ओंजळीत ठेवले.

चाकं बसली. कंपनीची तारांची चाकं आणि त्यांवर त्यांच्या मापाचे टायर. गाडी पहिल्यासारखी सडपातळ दिसू लागली. अण्णांनी हलवून पाहिलं, कुठे घासत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. “आता बघ,” मला म्हणाले. “तिच्याच मापाचं दिल्यावर ती कशाला तक्रार करते?”

मी आत बसत होते तेव्हा रामभाऊ खिडकीशी वाकले. “तुला येती का गं माय चालवायला?”

“येते. घरची दुसरी गाडी मीच चालवते.”

“बरं,” ते म्हणाले आणि सरळ उभे राहिले.

दुपार होती. रस्ता रिकामा आणि सरळ, मधोमध पांढरी रेघ. अण्णा गुणगुणत होते. खरखर नाही, वास नाही. मी पाय पसरून बसले आणि मनात सलीमभाईंचे आभार मानले.

मग पांढरी रेघ हळूहळू आमच्यापासून दूर जाऊ लागली. गाडी डावीकडे सरकत होती. गुणगुणणं थांबलं. अण्णांनी गाडी उजवीकडे ओढली, जास्तच. रेघ खालून निघून पलीकडे गेली. परत डावीकडे. परत उजवीकडे. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. कितीतरी वेळ आम्ही तसेच चाललो, रेघेच्या या बाजूला आणि त्या बाजूला.

एका मोसंबीच्या बागेपाशी कडुलिंब होता. अण्णांनी गाडी त्याखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

“टायर चांगले हायेत,” ते म्हणाले.

“हो.”

“हवा पन बराबर हाय.”

“अण्णा, रस्त्याला उतार असेल. बघू या आपण—”

“उतर. इकडं ये. तू चालव.”

त्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. मी लहानपणी नुसती सीटवर बसले तरी खाली उतरवायचे. आता ते डावीकडे जाऊन बसले, हात मांडीवर ठेवले, आणि उजव्या हाताची बोटं हलू लागली.

मी गाडी रस्त्यावर घेतली. स्टिअरिंग जड होतं. पण गाडी सरळ गेली. पांढरी रेघ माझ्या उजवीकडे जिथे होती तिथेच राहिली, पुलावर, वळणावर, पुढेही. मला रडू फुटेल असं वाटलं. गाडी इतकी सरळ जात होती की ते मला सहन होईना. म्हणून मी स्टिअरिंग किंचित डावीकडे सोडलं. थोडं थांबले. मग उजवीकडे ओढलं. “जरा झोकांडी खातेच आहे की,” मी म्हणाले.

“नंदे,” अण्णा म्हणाले, “मुद्दाम नको करू.”

पुढे जालन्यापर्यंत मी गाडी सरळच नेली.

हसनाबाद

आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. हसनाबाद मोठं गाव आहे. बाजारपेठ, मशीद, देऊळ, शाळा, आणि चहूकडे शेती. गाडी गल्लीत शिरली तशी मुलं मागे धावली. एका बाईने डोक्यावरची पाटी सावरत विचारलं, “ही एवढी बसकी मोटार म्हशीखालून काढली का काय?” आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी काठी टेकत उठायचा प्रयत्न केला, ते उठेपर्यंत अण्णा त्यांच्या पायाशी पोचले. आबांनी गाडीकडे पाहिलं आणि मग ड्रायव्हरच्या बाजूने उतरणाऱ्या माझ्याकडे.

“पोरीनं आनली व्हय?”

“मला जरा झोप येऊन राह्यली होती, आबा,” अण्णा म्हणाले.

जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि वांग्याची भाजी. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाल्याचं पीठ; लेक सासरी निघाली की बरोबर बांधून देतात. काकूंनी मलाही एक पुडा बांधला. आबा गाडीबद्दल विचारत होते, किती लिटर पितं, किती पळतं, कुठल्या देशाचं. अण्णा सगळी उत्तरं देत होते. त्यांना हात ताटाखाली लपवून जेवता येत नव्हतं. आमटीची वाटी त्यांनी उचललीच नाही. आबांच्या नजरेतून ते सुटलं नसावं. थोरल्या भावाच्या नजरेतून असलं काही सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. सकाळी आबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून तयार. दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं. इतक्या खाली बसायला गुडघे तयार नव्हते. ते कण्हले आणि मग लहान मुलासारखे हसले. अण्णा ड्रायव्हरच्या बाजूला गेले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दार उघडून ते आत बसले.

सगळी गल्ली बघत होती. इंजिन सुरू झालं. गाडी निघाली, दोन घरं ओलांडून गेली. पुढे हातपंपावर बायका पाणी भरत होत्या, एक शेळी आणि तिची करडं रस्त्यात, भिंतीला टेकवलेली सायकल. गाडी हळूहळू डाव्या भिंतीकडे सरकू लागली. आबा त्याच बाजूला बसलेले. मी पळत सुटले. भिंतीपासून वितीवर गाडी थांबली. अण्णांनी ब्रेक दाबून धरला होता, दोन्ही पायांनी.

ते उतरले. दार बंद करायलाही विसरले.

“काय झालं रे?” आबांनी विचारलं.

“काही न्हाई, आबा. टायर...” अण्णा म्हणाले आणि थांबले.

“टायरला काय झालं? नवेच तर हायेत.”

“नंदे, ये,” अण्णा एवढंच म्हणाले. मी आत बसले. आबांनी माझ्याकडे आणि मग भावाकडे पाहिलं. “आरं पन तू? तू नाय का येत?”

“दोघांचीच गाडी हाय, आबा. मी मागून जीपनं येतो.”

राजूर

राजूरचा गणपती नवसाचा, आणि संकष्टीला रस्ताभर जीपा, ट्रॅक्टर, पायी चाललेली माणसं. आबांनी वाटेत मला शेतं दाखवली, हे कुणाचं, ते कुणाचं, इथे कुठला ओढा होता. गाडी अगदी मऊ चालत होती.

“कधीपासून हाय त्याला हे?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, आबा. मला वाटलं टायर.”

“त्याला बी तेच वाटलं असंल,” आबा म्हणाले. “वाटू द्यावं मानसाला. पर ते काय टिकतं?”

मागून एक काळीपिवळी जीप आली आणि आम्हाला ओलांडून गेली. टपावर माणसं, मागच्या फळीवर माणसं. फळीवर उभ्या असलेल्यांमध्ये अण्णा होते, दोन्ही हातांनी वरचा गज धरून. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. आबांनी हात वर केला. अण्णांना तो करता आला नाही. हात सोडला असता तर पडले असते. जीप पुढे धुळीत गेली.

देवळाच्या पायऱ्यांशी ते आमची वाट बघत उभे होते. तिघांनी दर्शन घेतलं. आबांना आम्ही दोन बाजूंनी धरलं होतं. गाभाऱ्यात आबांनी डोळे मिटले आणि खूप वेळ मिटलेलेच ठेवले. बाहेर येऊन भावाचा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो थांबावा म्हणून घट्ट धरला. हात त्यांच्या हातांतही हलतच राहिला. “झालं माह्यं,” आबा म्हणाले, “आनलंस तू मला.” ते खोटं आहे हे तिघांनाही माहीत होतं. अण्णांनी मान खाली घातली. पेढ्यांच्या दुकानासमोर, एवढ्या गर्दीत, माझे वडील रडले. मी त्यांना रडताना आधी पाहिलं नव्हतं, आणि काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी पेढे आणायला गेले.

परत

परतीच्या सकाळी मी गाडी पुसून काढली. अण्णांनी बॅगा ओट्यावरच ठेवल्या.

“गाडी इथंच राहू दे,” ते म्हणाले.

“मी चालवते ना, अण्णा. सावकाश जाऊ.”

“ठावं हाय तू चालवशील. पन मला डाव्या बाजूला बसून पुन्याला जायचं न्हाई.”

गाडी आबांच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. वर ताडपत्री घातली. अण्णांनी किल्ली आबांना दिली, आबांनी ती कनवटीला लावली. गाडी अजून तिथेच आहे. पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी त्या थरथरीचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी हे थांबत नाही, जरा लांबतं, हेही सांगितलं. जिथे कुणी जात नाही अशा जिल्ह्यात मी काय पाहिलं, तर हे पाहिलं. हुरडा खाल्ला, सुशीला खाल्ली, अनोळखी माणसांचा चांगुलपणा घेतला, आणि एका माणसाकडे सांगायला उरलेलं शेवटचं कारण चारी चाकांवरून उतरवून घेताना मी शेजारी उभी होते.

हसनाबादहून जालन्याची एस.टी. मिळाली. अण्णा खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी. गाव मागे पडलं. कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन चिमटा खटखटवत आला.

“दोन जालना,” मी म्हणाले.

“एक पुरं, एक अर्धं,” अण्णा म्हणाले.

पासष्टी उलटून त्यांना वर्ष झालं होतं. म्हाताऱ्यांची सवलत त्यांनी तोवर एकदाही मागितली नव्हती. कुणी सुचवलं की रागावायचे. वयाचा पुरावा काढायला त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. बोटं खिशातच अडकली, थरथरत राहिली, कार्ड बाहेर येईना.

कंडक्टरने त्या हाताकडे पाहिलं. “राहू द्या, बाबा,” तो म्हणाला, आणि अर्धं तिकीट फाडून माझ्या हातात दिलं.